वर्गणीला निघण्यापूर्वी: परवानगी, पावतीपुस्तक आणि हिशेब

गणपती जवळ आले की मंडळाची बैठक होते, पावतीपुस्तके छापायला जातात आणि परवानगीची आठवण बहुधा त्यानंतर होते. खरे तर हा क्रम उलटा हवा. न्यास म्हणून नोंदणी न झालेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कार्यासाठी लोकांकडून पैसे अथवा वस्तू गोळा करायच्या असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१-क अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यासोबत बैठकीचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि जुन्या मंडळांना मागील वर्षाचा हिशेब जोडावा लागतो. बहुतेकांचे घोडे या शेवटच्या कागदापाशीच अडते.

परवानगी हाती आल्यावर तिचा क्रमांक पावतीवर छापून घ्यावा. पावती आणि स्थळप्रत या दोन्हींवर एकच अनुक्रमांक असावा आणि कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचे पुस्तक कोणत्या कार्यकर्त्याकडे दिले, याची नोंद खजिनदाराने वहीत सही घेऊन ठेवावी. एका मंडळाचा हिशेब पाहायला बसलो असताना देणगीदाराने दाखवलेली पावती ५०१ रुपयांची आणि तिची स्थळप्रत १०१ रुपयांची निघाली. कार्बन न घालता दोन्ही वेगवेगळ्या लिहिल्या गेल्या होत्या, त्यामुळे ती चूक की लबाडी हे शेवटपर्यंत ठरले नाही. तेव्हापासून मी कार्बनचा आणि रक्कम अक्षरी लिहिण्याचा आग्रह धरतो, मग कार्यकर्ते कितीही कुरकुरोत.

क्यूआर कोड मंडळाच्याच बँक खात्याचा असावा. अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेणे सोयीचे वाटले तरी पुढे तेच निस्तरावे लागते. दानपेटीला कुलूप लावावे आणि ती दोघांच्या समक्षच उघडावी.

वर्गणीची परवानगी म्हणजे रस्त्यात गाड्या अडवण्याचा परवाना नव्हे. धाक दाखवून पैसे घेतले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. मंडपासाठी महापालिकेची आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी निराळी घ्यावी लागते.

उत्सव संपताच सर्व पुस्तके परत घ्यावीत. लिहिताना बिघडलेली पावती फाडून टाकू नये. दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ असे लिहून ती पुस्तकातच राहू द्यावी.