लाइव्ह रेकॉर्डिंगसाठी माइकचा पॅटर्न कसा निवडायचा (आणि मॉनिटर कुठे ठेवायचा)

"सुपरकार्डिऑइड घ्या, ब्लीड कमी येतं" हा सल्ला जो तो देतो. पॅटर्न म्हणजे माइक कुठल्या दिशेने किती ऐकतो ते, सुपरकार्डिऑइड हा त्यातलाच एक, आणि ब्लीड म्हणजे आजूबाजूचा नको असलेला आवाज माइकमध्ये शिरणं. अर्धवट सल्ला आहे, आणि त्यापायी चांगले कार्यक्रम रेकॉर्डिंगमध्ये खराब झालेले मी ऐकलेत. स्टेजवर माइक निवडताना त्याला कुठून ऐकू येतं यापेक्षा कुठून ऐकू येत नाही ते आधी बघायचं.

म्हणून पहिल्यांदा स्टेजचा नकाशा काढा. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर), ड्रम, गिटारचा ॲम्प, कोण कुठे, बस.

मग पॅटर्न (अंश माइकच्या तोंडापासून मोजायचे, थेट समोर म्हणजे ०). कार्डिऑइड बरोबर पाठीमागून, म्हणजे १८० अंशांवर, सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइडची ती दिशा साधारण १२६ अंशांवर आणि हायपरकार्डिऑइडची ११० च्या आसपास असते, आणि या दोघांना थेट मागून पुन्हा ऐकू यायला लागतं, हायपरला तर मागचा आवाज समोरच्यापेक्षा जेमतेम ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) कमी. फिगर एट पुढूनमागून सारखंच ऐकतो, दोन्ही बाजूंनी जवळपास काहीच नाही. ऑम्नी सगळीकडून.

आता खरी अडचण, मॉनिटर. गायकांचे नेहमीचे दोन माइक घ्या, शूर कंपनीचे: एसएम५८ कार्डिऑइड आहे, बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड. दिसायला सारखेच, म्हणून लोक एक काढून दुसरा लावतात आणि मॉनिटर होता तिथेच ठेवतात, मग शिट्टी (मॉनिटरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारा फीडबॅक) वाजली की माइकला शिव्या. माइक स्टँडवर तिरका आहे, तोंड गायकाकडे वर आणि शेपूट खाली मॉनिटरकडे, तर कार्डिऑइडसाठी ही जागा उत्तम. तिथेच सुपर लावला तर मॉनिटर थेट त्याच्या मागच्या कानात वाजतो. सुपरला मॉनिटर मागे डावी-उजवीकडे सरकवून दोन लावा, किंवा एकच समोर हवा असेल तर माइक आडवा करा, म्हणजे जमिनीवरचा मॉनिटर आपोआप १२६ च्या जवळपास येतो.

अंश मोजत बसू नका. मॉनिटरवर एखादं गाणं लावा, माइक मॉनिटरला पाठवू नका, हेडफोनवर फक्त त्या माइकचा चॅनल ऐका आणि माइक हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम पातळ होतो, तीच जागा, लगेच मॉनिटरभोवती जमिनीवर टेप मारा. खालचा बेस तिथेही थोडा येणारच, कारण कुठलाच पॅटर्न सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो.

आणि गायकाला कार्यक्रमाआधीच सांगा की जाळी मुठीत धरायची नाही. मागच्या फटी झाकल्या की पॅटर्न मोडतो, माइक ऑम्नीसारखा चौफेर ऐकायला लागतो आणि तुमची सगळी मांडणी फुकट. हातात माइक घेऊन फिरणारा गायक असेल तर मी कार्डिऑइडच देतो, त्याची कमी ऐकणारी बाजू रुंद असते, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

अंतर : तोंडाजवळच ठेवा. दुप्पट लांब गेलात की आवाज साधारण ६ डीबी पडतो, मग गेन (माइकचा आवाज मिक्सरवर किती वाढवायचा ते) वाढवायचा आणि अख्खं स्टेज आत घ्यायचं. जवळ आल्यावर बेस फुगतो, तो लो कटने (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या फिल्टरने) काढा.

टाळ्या आणि हॉलसाठी वेगळे दोन माइक लावा, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ पीएकडे (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरकडे), आणि तिथे पुन्हा साधा कार्डिऑइडच.