खानापूरचा पाऊस आणि पैदाशीचे बटेर
जपानी बटेराची (लाव्याची) अंडी नुसती खायची असतील तर अंड्यांवरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य चालून जातं. पिल्लं काढायची तर कमी पडतं. पैदाशीच्या पक्ष्यांना साधारण २० टक्के प्रथिनं, माद्यांना अडीच-तीन टक्के कॅल्शियम हवं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, मादी लागेल तेवढा टिपते.

आपल्या खानापूर भागात खरा घात पावसाळ्यात होतो. मका नि शेंगपेंड ओल धरते, बुरशी येते, अंडी उबत नाहीत. कुबट वास आला की पोतं टाकाच. उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. (जीव तुटतो, पण इलाज नाही.) खाद्य आठवड्यापुरतंच कालवा, ई आणि बी-२ जीवनसत्त्वं त्यातच.

१७-१८ दिवसांनी पिल्लं निघाली की खाद्य रव्यासारखं बारीक, प्रथिनं २४ टक्के. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, नाहीतर बुडून मरतात.