पुराच्या पट्ट्यात कर्ज देताय? मग ठराव नीट लिहा

सांगलीत बँकेच्या नाहीतर पतसंस्थेच्या बोर्डावर असाल तर हे वाचाच. हवामान बदलावरून बँकेवर केस होते म्हटलं की लांबचं वाटतं, पण 2021 मध्ये बेल्जियमच्या चक्क मध्यवर्ती बँकेला कोर्टात खेचलं होतं, प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांचे बाँड का घेता म्हणून. केस टिकली नाही ती गोष्ट वेगळी, पण ताप झालाच ना. आणि आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं 2024 ला रणजितसिंह केसमध्ये सांगितलंय की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम 14 आणि 21 मधला हक्क आहे.

मग करायचं काय? आधी तारण बघा. हळदीचं गोडाऊन गहाण येतंय तर 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा गोडाऊनपाशी किती होतं ते विचारा, भिंतीवरची रेघ मोबाईलमध्ये घ्या, फोटो फाईलला लावा. विम्याची पॉलिसी उघडून बघा, हप्ता कमी करायला पूर वगळलेला असतो कधीकधी.

प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बोर्डाच्या बैठकीच्या इतिवृत्तात, नुसतं "चर्चा होऊन मंजूर" नको, सगळे हेच लिहितात, त्यानं काय डोंबल सिद्ध होतंय. पुराचा धोका पाहिला, कर्जाची मर्यादा एवढी ठेवली, कुणी विरोध केला, सगळं लिहा, कारण उद्या कोर्ट हेच विचारणार की माहीत होतं का आणि माहीत असून काय केलं.

आणि "पर्यावरणपूरक कर्ज" असला फ्लेक्स पुरावा असल्याशिवाय लावू नका.