दोन सेशनमधली दहा मिनिटं

समुपदेशकाकडे तासाला एक क्लायंट असेल तर सेशन ५० मिनिटांचं ठेवायचं. उरलेली १० मिनिटं आधीच्या माणसाचं ओझं खाली ठेवायला असतात. समुपदेशक गडबडतात ते बहुतेक वेळा इथेच: सेशन ६५ मिनिटं चालतं, पुढचा माणूस दाराशी बसलेला असतो आणि आधीचं रडणं घेऊनच त्याला आत बोलावलं जातं.

‘तटस्थ राहा’ हा सल्ला अर्धवट आहे. समुपदेशकाच्या मनात जे उमटतं त्याला फ्रॉइडने १९१० मध्ये काउंटरट्रान्सफरन्स म्हटलं आणि अडथळा मानलं. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी तीच भावना क्लायंटला समजून घ्यायचं साधन असल्याचं मांडलं. म्हणून ती दाबू नका, तपासा.

सेशन चालू असताना गलबलून आलं तर टाचा जमिनीवर रेटा. ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं तीनदा, आवाज नको. मनात भावनेला नाव द्या: राग, भीती, लाज. मग विचारा, हे माझं की समोरच्याचं? डोळ्यांत पाणी आलं म्हणून काही बिघडत नाही. “तुमचं ऐकून मलाही भरून आलं,” एवढं म्हणून त्यांच्या विषयाकडे परत या. क्लायंटच तुमची समजूत काढू लागला, तर मात्र सेशन उलटलं. सल्ला द्यायची घाई झाली तर बहुधा तुम्हालाच असहाय वाटतंय. जांभया येत असतील तर आधी दुपारची मिसळ आठवा. एकाच क्लायंटसमोर दर वेळी येत असतील, तर ते सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपल्या केसेसवर बोलायच्या बैठकीला, न्यायचं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात गारपीट झाली की एकाच आठवड्यात तीच कहाणी चार तोंडांनी येते: बाग गेली, कर्ज राहिलं. चौथ्याचं वाक्य समुपदेशकच पुरं करून टाकतो आणि त्या माणसाचं वेगळं दुःख ऐकायचं राहून जातं. अशा केसेस पाठोपाठ घेऊ नका, मध्ये हलकी केस ठेवा. तुमच्याच घरची बाग असेल तर हंगामाआधीच सुपरव्हायझरला सांगून ठेवा.

त्या १० मिनिटांपैकी पहिली तीन नोंदीसाठी. फाइलमध्ये फक्त घडलेलं आणि ठरलेलं. ती उद्या क्लायंट मागू शकतो, कोर्टही. स्वतःचं वेगळ्या वहीत, नाव न घालता, तीन ओळींत: शरीरात काय झालं, मनात काय आलं, कुणाची आठवण झाली. मग उठा, कोपरापर्यंत हात धुवा, पाणी प्या, खिडकीतून लांबचं काहीतरी बघा. शेवटच्या दोन मिनिटांत पुढच्या क्लायंटची मागची नोंद वाचा. फोन नको. घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज तिसरंच दुखणं उघडतो.

आत्महत्येचा विषय निघाला की समुपदेशकालाही भीती वाटते आणि त्या भीतीपोटी प्रश्न गोल गोल होतात. सरळ विचारा: “जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. मग सुरक्षेची योजना दोघांनी कागदावर लिहा: धोक्याच्या खुणा, सोबत कोण राहील, फवारणीची औषधं कुणाच्या कुलपात, रात्री फोन कुणाला करायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यात हवाच. धोका तातडीचा असेल तर माणसाला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. हातात योजना असली की तुमची भीतीही आवाक्यात येते.

सुपरव्हिजन पंधरवड्याला निदान एक तास. जी केस सांगायची टाळावीशी वाटते, तीच आधी काढा. नाशिकमध्ये नाव बदलून भागत नाही. ‘सिडकोतली शिक्षिका, नवरा अंबडच्या कंपनीत’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. गाव आणि पेशाही बदला, किंवा पुण्या-मुंबईचा सुपरव्हायझर व्हिडिओ कॉलवर घ्या. क्लायंटने सेशन रद्द केल्यावर एकदा हायसं वाटणं ठीक. त्याच व्यक्तीबाबत तिसऱ्यांदा वाटलं तर बोला. झोप उडाली, घरी चिडचिड वाढली, तर काही दिवस नवीन केस थांबवा आणि स्वतःसाठी समुपदेशक शोधा.

नाशिकच्या कॉलेज रोडला किंवा गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, क्लायंट भेटणारच. आपण होऊन ओळख दाखवायची नाही, त्याने दाखवली तर नमस्कार करून पुढे. हे पहिल्याच सेशनमध्ये सांगून टाका, म्हणजे भाजी घेताना दोघांचीही तारांबळ होत नाही.