मिशनवरचा सेवेचा आठवडा: काम शोधण्यापासून वहीत नोंद करेपर्यंत

येशू ख्रिस्ताच्या लेटर-डे सेंट्स चर्चकडून (लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात) मिशन कॉल, म्हणजे मिशनरी म्हणून जाण्याचं बोलावणं, आलं की पासपोर्ट, लसी, दातांची तपासणी आणि पांढऱ्या शर्टांची खरेदी यांतच दिवस जातात. त्या तयारीची यादी कुणी ना कुणी देतंच. आठवड्यातले सेवेचे तास कसे वापरायचे हे मात्र फारसं कुणी बसवून सांगत नाही. मी सिस्टर मिशनरी म्हणून घरापासून लांब राहिले, वेगवेगळ्या कंपॅनियनबरोबर, म्हणजे सोबत नेमून दिलेल्या जोडीदार मिशनरींबरोबर, लोकांच्या घरी-अंगणी राबले. त्यातून मला जे उपयोगी पडलं ते तुझ्यासाठी लिहिते आहे. एल्डर (मुलगा मिशनरी) असशील किंवा सिस्टर (मुलगी), काम तेच आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. समोरच्याला जे काम हवं आहे ते त्याला हवं तसं करून देणं, एवढीच सेवा. त्याने नंतर आपलं ऐकावं म्हणून केलेली मदत लोकांना लगेच ओळखू येते, आणि त्यांना ओळखू येते म्हणून नव्हे, मुळातच ती मला बरोबर वाटत नाही. मॉर्मनचं पुस्तक या आपल्या धर्मग्रंथातला राजा बेंजामिन प्रजेवर कराचं ओझं पडू नये म्हणून स्वतःच्या हातांनी कष्ट करायचा. सेवेबद्दल तो जे बोलतो ते आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. मला त्याचे ते कष्ट करणारे हात जास्त जवळचे वाटतात.

घरी आहेस तोवर काही कामं शिकून घे. २०१२ मध्ये मुलग्यांसाठी मिशनवर जायचं किमान वय १९ वरून १८ वर आलं, त्यामुळे शाळा संपते न संपते तोच कित्येक जण निघतात. मुलगे २४ महिने, मुली १८ महिने. पगार नसतो, खर्च आपला आणि घरच्यांचा असतो, आणि कुठे जायचं हे आपण निवडत नाही. तिथे गेल्यावर फरशी पुसता येत नाही, इस्त्री येत नाही, भाजी चिरता येत नाही असं झालं तर स्वतःचंच घर चालवताना दमशील, दुसऱ्याला मदत कुठून करणार? म्हणून निघण्याआधी आईबाबांकडून घर झाडणं-पुसणं, भांडी घासणं, कपड्यांचे डाग काढणं, खिळा ठोकणं, झाडांची छाटणी आणि जड खोका पाठीला इजा न होता उचलणं एवढं तरी शिकून घे. खोका उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत वाकू नकोस. प्रशिक्षण केंद्रात भाषा शिकवतील, शिकवायचं कसं ते शिकवतील. झाडू धरायला शिकवणार नाहीत.

आठवड्याचा कणा म्हणजे प्रिपरेशन डे, ज्याला सगळे पी-डे म्हणतात. बहुतेक मिशनमध्ये तो सोमवारी असतो. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घर आवरणं, घरी पत्र लिहिणं हे सगळं त्या दिवशी. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला याच दिवशी घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येतं. त्याआधी अशी बोलणी वर्षातून जेमतेम दोनदा व्हायची, नाताळला आणि मदर्स डेला. तेव्हा हा फोन जपून वापर. आईला "सगळं छान चाललंय" एवढंच सांगू नकोस, तिचं समाधान होत नाही. एक काम पूर्ण सांग: कुणाच्या घरी गेलो, काय उचललं, त्या माणसाने काय सांगितलं. आणि घरची आठवण येत असेल तर तेही सांग. फोन ठेवल्यानंतरची संध्याकाळ जड जाते, म्हणून फोनच्या लगेच नंतर एकट्याने बसून राहायचं नाही असं मी ठरवलं होतं. स्वयंपाक, बूट पुसणं, कंपॅनियनबरोबर एखादा खेळ, हाताला काहीतरी ठेव.

पी-डेला सेवेच्या कामाचे कपडे वेगळे काढून ठेव. जुनी पँट, घट्ट बांधायचे बूट, हातमोजे, टोपी, पाण्याची बाटली, दोन जुने टॉवेल आणि जखमेवर लावायच्या पट्ट्या, हे एका पिशवीत कायम भरलेलं असू दे. ऐन वेळी हातमोजे शोधत बसणारी जोडी अर्धा तास उशिरा पोचते, आणि वाट बघणारी म्हातारी बाई तोवर स्वतःच खोके उचलायला लागलेली असते.

आता काम शोधायचं कसं, कारण खरी मेहनत इथेच आहे. "काही मदत लागली तर सांगा" हे वाक्य मी माझ्यापुरतं बंदच केलं. त्यावर माणूस "हो हो, नक्की" म्हणतो आणि पुढे काही होत नाही. मदत मागणं कुणालाच सोपं जात नाही. त्यापेक्षा दिवस, वेळ आणि काम तिन्ही आपणच पुढे ठेवायचं: "गुरुवारी दहा ते बारा आम्ही दोघी मोकळ्या आहोत. मागच्या अंगणातलं गवत काढून देऊ, की माळ्यावरचे खोके खाली आणून देऊ?" दोन पर्याय दिले की लोक बहुधा तिसरंच सांगतात, आणि तेच त्यांना खरं हवं असतं. एका काकूंनी असंच आम्हाला सांगितलं, की गवत राहू दे, मला नवऱ्याच्या कपाटातले कपडे आवरायचे आहेत आणि एकटीने ते कपाट उघडवत नाही. त्या सकाळी आम्ही शर्टांच्या घड्या घातल्या आणि त्या बोलत होत्या तेवढं ऐकलं. बाहेरून बघणाऱ्याला ते काम वाटलंही नसतं.

विचारायचं कुणाला? सगळ्यात आधी वॉर्डच्या (चर्चच्या स्थानिक मंडळीच्या) बिशपना किंवा, मंडळी लहान असेल तर, ब्रँच प्रेसिडेंटना, आणि त्यांच्याइतकंच रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षांना. स्त्रियांची ही संस्था १८४२ मध्ये नॉवू इथे सुरू झाली, आणि कोण आजारी आहे, कुणाकडे बाळ झालंय, कोण घर बदलतंय हे त्या बहिणींना सगळ्यांत आधी कळतं. मग शेजारी. मग बाहेरच्या संस्था: ग्रंथालय, अन्नवाटप केंद्र, वृद्धाश्रम, निर्वासितांना मदत करणारे गट. चर्चचं जस्टसर्व्ह नावाचं संकेतस्थळ काही देशांत चालतं, त्यावर स्थानिक संस्था आपल्याला हव्या असलेल्या मदतीची नोंद करतात. तुझ्या भागात ते असेल तर दर आठवड्याला बघ. नसेल तर सरळ संस्थेच्या दारात जाऊन विचार, पण गर्दीच्या वेळी नको. आणि एखाद्या संस्थेला हो म्हटलंस तर दर आठवड्याला त्याच वेळी जा. चार ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी नेमाने जाणारी जोडी मला कधीही जास्त मोलाची वाटते, कारण संस्थेला माणसं शिकवायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांनी आपल्यावर घातलेला असतो.

साप्ताहिक नियोजनाला बसाल तेव्हा सेवेचे तास आधी लिहा आणि बाकीचं त्यांच्या भोवती बसवा. किती तास हे तुमचे मिशन लीडर, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मिशनरींचे प्रमुख, सांगतील. त्यांना न विचारता मोठी जबाबदारी घेऊ नका. साडेसहाला उठणं, व्यायाम, वैयक्तिक अभ्यास, कंपॅनियनबरोबरचा अभ्यास, भाषेचा अभ्यास, यांत सकाळ जाते. संध्याकाळी लोक घरी असतात, तेव्हा शिकवण्याच्या भेटी. म्हणून मधली वेळ, दहा ते एक, कष्टाच्या कामाला चांगली. दुपारी आंघोळ करून, कपडे बदलून पुढच्या भेटीला जाता येईल एवढी फट मध्ये ठेवा. घामेजलेल्या अंगाने कुणाच्या बैठकीत जाऊन बसणं बरं नाही.

प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "तुम्ही हे कसं करता?" प्रत्येकाची पद्धत असते. कुणाला फुलझाडाची छाटणी अमुकच ठिकाणी हवी असते, कुणाला पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली हवी असतात. तुला दुसरी पद्धत सोपी वाटली तरी त्यांच्याच पद्धतीने कर. जे सुरू केलं ते संपव. अवजारं धुऊन, पुसून जागच्या जागी ठेव, कचरा बाहेर नेऊन टाक. काम अर्धं राहणार असं दिसलं तर निघण्याआधीच पुढची तारीख ठरव आणि ती पाळ. यंत्राची करवत, उंच छप्पर, विजेची दुरुस्ती यांना हात लावू नकोस. नाही म्हणायला लाजू नकोस, त्याऐवजी वॉर्डमधला कुणी जाणकार शोधून दे, तीही मदतच आहे.

कंपॅनियन नेहमी नजरेच्या टप्प्यात असू दे. घरभर काम असलं तरी एकाने वर आणि एकाने तळघरात असं वाटून घेऊ नका. मुलांबरोबर कधीही एकटं थांबू नका. आई "पाच मिनिटांत येते, जरा बघा" म्हणाली तरी नम्रपणे नाही सांगा आणि तिच्यासोबतच निघा. हा नियम त्या मुलासाठीही आहे आणि तुमच्यासाठीही.

काम झाल्यावर लोक पैसे देऊ करतील. घेऊ नकोस. चहा-कॉफी पुढे करतील, ती आपण घेत नाही. पण तोंडावर नियम सांगून यजमानाला अवघडून टाकू नकोस. "पाणी चालेल, खूप तहान लागली आहे" एवढं पुरे. मग त्यांच्याजवळ बसून ते पाणी सावकाश पी. पुष्कळांना आपण केलेल्या कामापेक्षा ही दहा मिनिटं हवी असतात.

आणि शिकवणं? कामाच्या मध्ये नाही. नावाचा बिल्ला छातीवर असतोच, आपण कोण हे त्यांना माहीत असतं. त्यांनी आपणहून विचारलं तर खरं आणि थोडक्यात उत्तर दे, आणखी ऐकायचं असेल तर दुसरा दिवस ठरवून जा. बाहेरच्या संस्थेत तर त्यांचा नियम विचारून घ्यायचा आणि तो अक्षरशः पाळायचा. "नको" म्हणाले त्या घरीही पुढच्या गुरुवारी गवत काढायला त्याच आनंदाने जायचं. माझी यावर श्रद्धा आहे, की प्रभू येशूने ज्यांना बरं केलं त्यांच्याकडून आधी काही कबूल करून घेतलं नाही.

काही दिवस मोकळे पडतील. दार बंद असेल, पाऊस लागेल, समोरचा विसरलेला असेल. त्यासाठी दुसरी योजना वहीत आधीच लिहून ठेव: वॉर्डमधल्या अंथरुणाला खिळलेल्या कुणाला भेट, उपासनागृहाच्या खिडक्या, कुणाला फॅमिलीसर्च या चर्चच्या वंशावळीच्या संकेतस्थळावर आजी-आजोबांच्या नोंदी शोधायला मदत. हे संकेतस्थळ मोफत आहे, त्यासाठी चर्चचा सभासद असावं लागत नाही, आणि वयस्कर माणसं त्यात अगदी रमून जातात.

सगळ्यात अवघड सेवा घरातच असते. कंपॅनियन आपण निवडलेला नसतो आणि चोवीस तास सोबत असतो. साप्ताहिक नियोजनाच्या शेवटी दोघांनी बसून एकमेकांशी मोकळेपणाने बोलायचं असतं: काय चांगलं चाललंय, काय खुपतंय. ते घाईत उरकू नका. आधी समोरच्याला बोलू दे. तक्रार असेल तर ती एकाच प्रसंगापुरती ठेव, "तू नेहमीच" असं म्हणू नकोस. माझी एक कंपॅनियन मंगळवारी गप्प गप्प असायची. मी विचारलं तेव्हा कळलं, की सोमवारच्या फोननंतर तिला रात्रभर झोप लागत नाही. त्यानंतर मंगळवारची सकाळ आम्ही बागकामाची ठेवली, माती खणताना ती आपोआप बोलायला लागायची. झोप, भूक किंवा मन बरेच दिवस बिघडलेलं वाटलं, तुझं किंवा तिचं, तर मिशन लीडर आणि त्यांच्या पत्नीला कळव. दर आठवड्याचं पत्र त्यासाठीच आहे. त्यात खरं लिही.

रविवारी अंगमेहनतीचं काम ठेवू नका. जानेवारी २०१९ पासून सभा दोन तासांची आहे, त्यामुळे दुपारी आजाऱ्यांना भेटायला वेळ मिळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, तर शनिवारचं काम हलकं असू दे आणि पाणी भरपूर पी.

सहा आठवड्यांच्या आसपास ट्रान्सफर होते, तू किंवा कंपॅनियन दुसऱ्या भागात जातो. कामं तिथेच राहतात. म्हणून दर आठवड्याच्या शेवटी पंधरा मिनिटं काढून नोंद करायची: कुणाकडे काय केलं, काय राहिलं, कुणाला कोणती वेळ चालते, कुत्रा कुठल्या घरी बांधलेला नसतो, शिडी कुणाकडून आणायची, कुणाला कमी ऐकू येतं म्हणून घंटा दोनदा वाजवावी लागते. लोकांची खासगी दुःखं त्यात लिहू नकोस, ती सांगायची की नाही हे त्यांनी ठरवावं. पण पुढच्या भेटीची तारीख ठळक लिही, आणि निघण्याआधी त्या घरी नव्या मिशनरीला स्वतः घेऊन जा, म्हणजे गुरुवारी दहाला दार वाजेल तेव्हा आत बसलेल्या माणसाला समोर अनोळखी चेहरा दिसणार नाही.