मिरगाआधी बांधातलं शिसं काढा

आमची नेमबाजीची रेंज डिचोली तालुक्यात आहे. गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाखाली व्हाळ (ओढा), पलीकडे कुळागर (पोफळीची बाग). म्हणून बांधातलं शिसं काढायचं काम मी मे महिन्याच्या मध्यालाच हाती घेते. पॉइंट टू-टू (.२२) रायफलीची एक गोळी साधारण २.६ ग्रॅमची. हजार झाडल्या की अडीच किलोंहून जास्त शिसं मातीत जातं. आपली जांभ्याची माती आंबट, पाऊस ३००० मिमीच्या घरात. जुनी गोळी हातात घेऊन बघा, वर पांढरी साय धरलेली दिसेल. आंबट पाण्यात हीच साय विरघळते.

आधी झारीने पाणी शिंपडा. चिखल नको, धूळ बसेल इतकंच. पहिल्या वर्षी मी तोंडाला रुमाल बांधून कोरडी माती चाळली आणि संध्याकाळी नाकातून करडी धूळ निघाली. रुमाल पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. अख्खा बांध उकरू नका. प्रत्येक लक्ष्यामागे खळगा पडलेला असतो, गोळ्या तिथेच साचतात. तेवढी हातभर माती काढून आधी मोठ्या, मग बारीक चाळणीतून चाळा. बारीक तुकडे लवकर विरघळतात, ते मागे ठेवू नका.

निघालेलं शिसं झाकणाच्या ड्रममध्ये, छपराखाली ठेवा. पागाची (मासे धरायच्या जाळ्याची) वजनं ओतायला ते मागणारे येतात. घरच्या चुलीवर वितळवतात आणि शेजारी पोरं खेळत असतात. मुलांसाठी शिशाची सुरक्षित मात्राच नाही, त्यामुळे मी सरळ नाही म्हणते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या भंगार-प्रक्रियावाल्यालाच द्या आणि पावती घ्या.

चाळलेली माती परत लावण्याआधी तिचा सामू (पीएच) तपासा. ६.५ च्या खाली असेल तर शेतीचा चुना मिसळा, म्हणजे शिसं मातीला धरून राहतं. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू मिळतो, शिसं नाही. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते, जवळच्या विहिरीच्या पाण्याचीही करून घ्या. बांधाच्या पायथ्याशी चर मारा आणि पाणी थेट व्हाळात न सोडता गवताच्या पट्ट्यातून वळवा. तिथे तांबडी भाजी किंवा तवशी (काकडी) लावू नका, जागा कितीही रिकामी दिसली तरी.

हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा, सॅनिटायझरने शिसं जात नाही. कपडे रेंजवरच बदला आणि घरच्या धुण्यात मिसळू नका.