डिस्क भरली तरी जुनी फाइल शाबूत राहावी म्हणून

डिस्क भरली की नवीन काही सेव्ह होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला जास्त धास्ती असते ती जुन्या फाइलींची. सेटिंगची फाइल सेव्ह करताना बरेच प्रोग्राम आधी ती शून्य बाइटची करतात आणि मग नवा मजकूर लिहायला घेतात. लिनक्सच्या शेलमधलं (कमांड टाइप करायच्या प्रोग्राममधलं) '>' चिन्ह तर कमांड सुरू होण्याआधीच फाइल रिकामी करतं. तेव्हा जागा नसेल तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा एरर येतो, पण तोवर जुना मजकूर गेलेला असतो.

म्हणून थेट मूळ फाइलीवर लिहूच नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल करा, तिच्यात लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवून घ्या) आणि एकही एरर आला नाही तरच ती मूळ नावाने रिनेम करा. एकाच फाइलसिस्टिमवर (डिस्कच्या एकाच भागावर) रिनेम अखंड होतं: नावाखाली जुनी फाइल असते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. तात्पुरती फाइल टेंप फोल्डरमध्ये ठेवू नका. तो वेगळ्या फाइलसिस्टिमवर असला तर फाइल हलवणारी 'एमव्ही' कमांड मुकाट्याने कॉपी करते आणि धोका परत येतो. परवानग्या आणि मालकीही जुन्यासारखी लावा. फाइल बंद करणाऱ्या क्लोजचा निकालसुद्धा तपासा. एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कवर) जागा संपल्याचं कधीकधी तेव्हाच कळतं.

डिस्क भरलीच, तर आधी लिहिणाऱ्या सर्व्हिस थांबवा. भलामोठा लॉग डिलीट करूनही जागा सुटली नाही, तर कुठल्यातरी प्रोसेसने तो उघडा धरलेला असतो. उघड्या फाइली दाखवणाऱ्या 'एलएसओएफ' कमांडने ती प्रोसेस शोधा आणि रीस्टार्ट करा. जीबी शिल्लक दिसत असूनही एरर येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागणारी नोंद) संपलेत का बघा, बारीकसारीक सेशन फाइली ते खाऊन टाकतात. आणि कळकळीने सांगते, पोस्टग्रेस डेटाबेसच्या 'पीजी वॉल' फोल्डरला हात लावू नका. त्यातल्या फाइली म्हणजे नुसते लॉग नाहीत. क्रॅशनंतर डेटाबेस त्यांच्यावरूनच सावरतो.

ईएक्सटी-4 या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) मुळात 5 टक्के जागा राखीव असते. सिस्टिमच्या डिस्कवर ती शून्य करू नका.

सेव्हची पद्धत आधी तपासून घ्या: 1 एमबीची टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) माउंट करा, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडा, तिच्यात फाइल ठेवा, उरलेली जागा भरून टाका आणि स्क्रिप्ट चालवा. जुनी फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे आणि स्क्रिप्टने एरर दिला पाहिजे. त्याशिवाय मी कुठलीही स्क्रिप्ट सर्व्हरवर चढवू देत नाही.